आठव्या मोहिमेचा कोरा डाव

९ नोव्हेंबर

साडूभाऊ,

नमस्कार लिहायची पद्धत आहे म्हणून लिहितो. केलेला नाही.

तुम्ही फोन उचलत नाही. आपल्या खेळाच्या छावणीत, त्या संकेतस्थळावर, निरोप टाकला तर तो ‘पाहिला’ असं दिसतं आणि पुढे ढिम्म काही नाही. म्हणून कागद. कागद एकदा पेटीत पडला की मला तो मागे घेता येत नाही आणि तुम्हाला ‘पोचलाच नाही’ म्हणता येत नाही, कारण तो ताईंच्या हातात पडणार, आणि ताईंच्या हातात पडलेली गोष्ट अर्ध्या तासात त्यांच्या धाकट्या बहिणीला, म्हणजे आमच्या घरी, कळणार.

मुद्द्यावर येतो. माझी आठवी मोहीम, ‘खिंडीचे बारा दिवस’, मी एकवीस ऑक्टोबरला छावणीच्या कोठारात ठेवली. एकसष्ट गुणिले अठ्ठेचाळीस, म्हणजे दोन हजार नऊशे अठ्ठावीस घरं. प्रत्येक घराची उंची, जमीन, झाडी मी हाताने भरली. चौदा महिने. कंपनीने हा संगणकावरचा युद्धाचा खेळ वाऱ्यावर सोडला त्याला एकोणीस वर्षं झाली, तरी छावणीतली अकराशे चाळीस माणसं तो अजून खेळतात, ती कुणामुळे? स्वतः डोळे फोडून नवे नकाशे, नव्या लढाया रचून फुकट वाटणाऱ्या आमच्यासारख्या सात-आठ वेड्यांमुळे. पहिल्या नऊ दिवसांत चारशे सहा जणांनी माझी मोहीम उतरवून घेतली. छावणी सांभाळणाऱ्या कोतवालबाईंनी स्वतः लिहिलं, “असा डोंगर आजवर कुणी उभा केला नव्हता.” हे तुम्ही वाचलं असणारच. वाचून गप्प बसलात. ते एक ठीक.

दहाव्या दिवशी तो उंदीरमामा उगवला. खरं नाव देव जाणे, छावणीत तो याच नावाने वावरतो. त्याने व्हिडिओ टाकला. बारा खेळ्यांची मोहीम चार खेळ्यांत खलास! खिंडीत माझी दोन्ही सैन्यं एकमेकांकडे डोळे वटारून उभी, आणि हा वायव्येच्या कोपऱ्यातून, चौथा स्तंभ तिसरी रांग, एका घरातून सगळं घोडदळ काढून थेट राजधानीत जाऊन बसला. एक बाण सुटला नाही. त्या कोपऱ्यात घोडा जाणार नाही अशी दरड आहे. एकोणचाळीस घरं. त्यातली अडतीस करडी, दरडीची. एक हिरवं, कुरणाचं, राहून गेलं. व्हिडिओच्या शेवटी तो हसतो. सात सेकंद. मी मोजले.

आता लोक मला दोष देत नाहीत, ही गंमत बघा. बनवणाऱ्याला आपल्या भिंतीतलं भोक दिसत नाही हे सगळ्यांना मान्य आहे. आपण घातलेल्या रस्त्यांनीच आपण चालतो, भिंत चाचपायला जातो कोण? म्हणून तर नियम आहे: ‘ज्याने नकाशा पूर्वी पाहिलेला नाही, अशा एका माणसाने मोहीम पूर्ण खेळून प्रत्येक खेळीची नोंद केल्याखेरीज ती कोठारात घेतली जाणार नाही.’ कोरा डाव. हा नियम नऊ वर्षांपूर्वी कुणी मांडला? मी. त्यातला ‘शिवाय’ काढून ‘खेरीज’ कुणी केलं? तेही मीच.

म्हणून लोक विचारतात, याचा कोरा डाव खेळलं कोण? आणि मोहिमेबरोबरच्या ‘आधी हे वाचा’ या फायलीत सातव्या ओळीत लिहिलं आहे, ‘कोरा डाव: भूगोलमास्तर’.

हो, तुमचं नाव मी लिहिलं. तुम्हाला न विचारता लिहिलं, तुम्ही न खेळता लिहिलं. सात मोहिमांचे कोरे डाव तुम्ही खेळलात. आठव्या वेळी तिथे दुसरं नाव दिसलं असतं तर शंभर जणांनी शंभर चौकश्या केल्या असत्या. सवयीने हात गेला.

राग त्याचा नाही. राग याचा आहे की तुमच्यावर शिंतोडे उडत असताना (“मास्तर वर्गात झोपले होते का?” हा त्यातला सगळ्यात सभ्य) तुम्ही अवाक्षर काढत नाही. मी खेळलो नाही, एवढं लिहून मोकळे व्हा. नाहीतर फोन करून मला चार शिव्या घाला. हे मौन कसलं? मोठेपणा मिळवायचाच असेल तर स्वतःच्या हिमतीवर मिळवा, माझ्या चुकीवर नको.

आपला,
साडू


१७ नोव्हेंबर

साडूभाऊ,

तुमचं कार्ड मिळालं. अख्ख्या कार्डावर एक ओळ: “सवयीने हात डोकं खाजवायला जातो, दुसऱ्याचं नाव लिहायला नाही.” खाली सही. पत्त्याचं अक्षर नेहमीप्रमाणे फळ्यावर लिहिल्यासारखं. वीस वर्षं पोरांच्या वह्या तपासून तुमचा हात असा झाला आहे की पत्र लिहितानाही समासात शेरा मारल्यावाचून राहवत नाही.

ठीक आहे. सवय नव्हती. ऐकायचंच असेल तर ऐका.

मागच्या वर्षी सासूबाईंना पंचाहत्तर पूर्ण झाली तेव्हाचं जेवण आठवतं? पंगत उठली, सगळे पंख्याखाली पसरले, आणि मेहुण्यांनीच विषय काढला, “दाखवा की तुमचं ते युद्ध.” मी लॅपटॉप उघडला. नऊ माणसं होती. मी सातव्या मोहिमेचा नकाशा दाखवत होतो, तिचा कोरा डाव तुम्ही आदल्याच आठवड्यात खेळला होतात. तुम्ही चष्मा कपाळावर चढवलात, वाकलात आणि म्हणालात, “साडूभाऊ, तुमची नदी चढावर वाहते. कुठल्या शाळेत शिकलात?”

मेहुण्यांना हसताना ठसका लागला. ताईंनी त्यांच्या पाठीत थापट्या मारल्या. आमची ही पदराआड बघत होती की मी काय करतो. मी काय करणार? मीही हसलो.

कुठल्या शाळेत शिकलो हे त्या खोलीतल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. नववीपर्यंत. नववीच्या सहामाहीला वडिलांचा हात यंत्रात गेला आणि मी दुकानात बसलो. वजनकाटे दुरुस्त करायला शिकलो. पुढे जे काही शिकलो ते रद्दीतल्या पुस्तकांतून. इंग्रजी काट्यांच्या माहितीपुस्तकांवरून शिकलो, त्रिकोणमिती ट्रक तोलायच्या काट्याचा पाया तिरका बसला होता तेव्हा शिकलो, आणि या खेळाच्या पोटात हात घालून नकाशा कसा रचायचा ते कुणीही न शिकवता शिकलो. आजही छावणीतले इंजिनियर लोक मला विचारतात. तिथे माझं नाव ‘काटेकोर’ आहे. ते मी ठेवलेलं नाही, लोकांनी ठेवलं आहे.

तुम्हाला विनोद करायचा होता, हे मला हिने त्या दिवसापासून चाळीस वेळा सांगितलं. असेल. आणि वयाने मी दोन वर्षांनी मोठा असलो तरी नात्याने थोरले तुम्ही, थोरल्याने धाकट्याची थट्टा करायचीच असते, हेही सांगितलं. पण नदी चढते हे तुम्हाला कोऱ्या डावाच्या वहीत लिहिता आलं असतं. त्याआधीच्या सहा मोहिमांच्या वेळी तुम्ही तसंच केलंत. तुमच्या खोलीत, दार लावून, मी मागच्या खुर्चीत तोंड मिटून बसलेलो, तुम्ही प्रत्येक खेळीला पेन्सिलीने नोंद करणार: ‘चौथी खेळी. इथे पूल का आहे? रस्ताच नाही.’ मी वाचून चरफडायचो, आणि घरी येऊन पूल काढायचो. त्यात मला कमीपणा वाटला नाही. एकदाही नाही.

त्यानंतर मी कुठल्या तोंडाने तुमच्या दारात आठवी मोहीम घेऊन यायचं? आणि दुसऱ्या कुणाला द्यायची म्हटलं तर बसवेना. त्या बाकीच्यांना नोंदी करता येत नाहीत. ‘मस्त’, ‘भारी’, ‘इथे मजा आली’. ही काय नोंद झाली?

तर असं आहे. तुम्हाला विचारता येत नव्हतं आणि दुसऱ्याला द्यायचं नव्हतं. म्हणून कुणालाच दिली नाही, आणि तुमचं नाव घातलं. झालं समाधान?

या मोहिमेतली नदी जाऊन बघा एकदा. तीन उपनद्या आहेत. एक थेंब चढत नाही.

साडू


२४ नोव्हेंबर

तुम्हाला कुणी सांगितलं होतं?

काल संध्याकाळी सहा चाळीसला तुम्ही छावणीत, भर चौकात, लिहिलंत: “कोरा डाव मीच खेळलो. वायव्येची वाट, धरणाच्या वरच्या अंगाची, माझ्या नजरेतून सुटली. घाईत होतो. काटेकोर यांचा यात काडीचा दोष नाही. जे बोलायचं ते मला बोला.”

मी कारखान्यातून येऊन हात धुवत होतो. ही बाहेरून ओरडली, “अहो, भावोजींनी काहीतरी लिहिलंय म्हणे. ताईचा फोन आहे.” ओल्या हातांनी वाचलं. परत वाचलं. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

मी तुम्हाला दोनच गोष्टी सुचवल्या होत्या. खरं सांगा, किंवा मला शिव्या द्या. ही तिसरी वाट कुठून काढलीत? माझ्याकडून एक खोटं झालं होतं. त्यावर तुम्ही आपलं एक रचून ठेवलंत, आणि तेही असं ऐटीत की वाचणाऱ्याला वाटावं, काय दिलदार माणूस!

आणि परिणाम? कोतवालबाईंनी आठ वाजता पारख्यांच्या यादीतून तुमचं नाव काढलं. पाच पारखी होते, आता चार आहेत. ज्यांच्या शब्दावर छावणी मोहिमा स्वीकारते त्या पाचांत तुम्ही पहिले होतात, नऊ वर्षं. शिवाय तुमच्या शाळेतून या खेळात आणलेली तुमची जुनी मुलं तिथे सोळा आहेत. आता मिशा फुटलेली, नोकरीला लागलेली. त्यातल्या एकाने लिहिलं, “सर, दरड आणि कुरण यातला फरक सहावीत तुम्हीच शिकवला होता.” खाली हसण्याची बत्तीस चिन्हं. दुसऱ्याने लिहिलं, “मास्तर नापास.” त्याला तर तुम्ही तुमच्या घरी बसवून शिकवलं होतं. कृतघ्न!

आज सकाळी मी हिला म्हणालो, “बघितलंस? बघितलंस काय करून ठेवलं?”

ही भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, “बरं झालं की. तुमचं नाव वाचलं.”

“माझं नाव वाचवायला त्यांना कुणी बोलावलं होतं?”

“तुम्हीच. सातव्या ओळीत.”

मी गच्चीत जाऊन उभा राहिलो. पंधरा मिनिटांनी ती आली, माझ्या हातात चहाचा कप दिला आणि म्हणाली, “ताई सांगत होती, भावोजी काल जेवले नाहीत. त्या पोराचं वाचून.” आणि गेली. या दोघी बहिणी मिळून आपल्याला असं थेंब थेंब पाजतात.

ऐका. मला उपकार नको आहेत. उपकार परत करता येत नाहीत, चूक निदान दुरुस्त करता येते. तुम्ही आज, उद्या, जास्तीत जास्त परवा तिथे जाऊन लिहा की ते खोटं होतं. नाहीतर मला काहीतरी करावं लागेल, आणि तुम्ही माझी पंचाईत कशी करून ठेवली आहे ते तुमच्या लक्षात तरी आलं आहे का? परवापर्यंत मी खरं बोललो असतो तर मी एकटा काळा झालो असतो. आता मी खरं बोललो तर तुम्हीही खोटे ठरता.

साडू


३० नोव्हेंबर

साडूभाऊ,

परवा गेला, तेरवा गेला, तुम्ही काही लिहिलं नाहीत. मग मला जे करायचं होतं ते मी केलं. छावणीत वाचलं असेलच. तरी क्रमाने सांगतो, कारण तिथे सगळं लिहिलेलं नाही.

सव्वीस वर्षं मी काटे तपासतो. सोनाराचा असो, नाहीतर साठ टनी ट्रक चढतो तो असो. वजनं प्रत्यक्ष चढवून, चारी कोपऱ्यांवर फिरवून बघितल्याशिवाय मी कागदावर ‘तपासला’ अशी सही केलेली नाही. एकदा भर उन्हात वीस-वीस किलोची पन्नास वजनं मी एकट्याने हलवली, कारण मालक म्हणत होता, “अहो, गेल्याच वर्षी बरोबर होता, करा की सही.” मी त्याला म्हणालो होतो, “मग गेल्या वर्षीची सही दाखवा लोकांना.” आणि या माणसाने, म्हणजे मी, स्वतःच्या मोहिमेवर वजन न चढवता सही ठोकली. वर सही तुमची.

बुधवारी मी एका काट्याखाली उताणा पडलो होतो, हात तेलाने माखलेले, आणि हे असं एकदम डोक्यात आलं. मला माझाच इतका संताप आला की पाना फेकला. तो काट्याच्या मालकाच्या पायाशी पडला. “काय झालं?” तो घाबरून म्हणाला. “काही नाही, तुमचा काटा ठीक आहे,” मी म्हणालो.

अजून एक. हे कुणाला सांगितलेलं नाही. सप्टेंबरात ही टेबल पुसत होती, नकाशा पडद्यावर उघडा होता. ती म्हणाली, “एवढं सगळं करडं आणि मध्येच हे हिरवं काय? डाग आहे का?” आणि फडक्याने पुसायला लागली. मी खेकसलो, “तुला काय कळतं त्यातलं? हात लावू नकोस.” बघितलंसुद्धा नाही. मान वळवली असती तर दिसलं असतं. कोरा डाव दोन सेकंदांत खेळून झाला होता, साडूभाऊ, आणि मी नोंद घेतली नाही. काल तिला हे सांगितलं. वाटलं, आता ऐकवेल. ती एवढंच म्हणाली, “मला वाटलंच होतं की तेच असणार.” महिनाभर तिला माहीत होतं! महिनाभर!

मग तुमची कबुली पुन्हा काढून वाचली. या वेळी काट्याचा कागद वाचतात तशी, एकेक शब्द. ‘धरणाच्या वरच्या अंगाची.’ कुठलं धरण? ‘खिंडीचे बारा दिवस’मध्ये धरण नाही. धरण सातव्या मोहिमेत आहे. सातवी तुम्ही खेळला होता, आठवीही त्याच मुलखातली असणार असं धरून तुम्ही ठोकून दिलंत. मोहीम सोडाच, तुम्ही तो उंदीरमामाचा व्हिडिओसुद्धा पाहिलेला नाही. परीक्षेत न वाचता उत्तर लिहिणाऱ्या पोरांना तुम्ही काय करता? मी पहिल्यांदा हसलो. मग परत चिडलो, कारण खोटं बोलायचं तर निदान नीट तरी बोलावं!

दुपारी कोतवालबाईंना फोन लावला. कधी बोललो नव्हतो. मागे शिवणयंत्र चालू होतं.

“काटेकोर? तुम्ही आणि फोन? निरोपाला चार चार दिवस उत्तर देत नाही तुम्ही.”

“सातवी ओळ खोटी आहे,” मी म्हणालो. “कोरा डाव झालेलाच नाही.”

यंत्र थांबलं.

“पण मास्तरांनी कबूल केलंय.”

“तेही खोटं आहे.”

“अहो, मग मी कुणाचं खोटं खरं धरू?”

“त्यांच्या कबुलीत धरण आहे. माझ्या नकाशात धरण शोधून दाखवा.”

त्यांनी मोहीम उघडली. मी कान लावून बसलो. बऱ्याच वेळाने म्हणाल्या, “नाहीच की हो.” मग, “दोघं नातेवाईक आहात का तुम्ही?”

“साडू.”

“तरीच,” त्या म्हणाल्या. “नियम माहीत आहे ना?”

“माझाच आहे.”

“मग लेखी टाका. सगळ्यांसमोर. मला एकटीला सांगून चालायचं नाही.”

टाकलं. सात ओळी. चार वेळा खोडून लिहिल्या. “‘खिंडीचे बारा दिवस’ या मोहिमेचा कोरा डाव कुणीही खेळलेला नाही. भूगोलमास्तर यांचं नाव मी त्यांना न विचारता घातलं. त्यांनी ही मोहीम उघडूनही पाहिलेली नाही. त्यांच्या कबुलीतलं धरण या नकाशात नाही, यावरून ते सिद्ध होतं. ती कबुली त्यांनी मला झाकण्यासाठी दिली. मी ती मागितली नव्हती. नियम मी लिहिला आहे, त्यातली शिक्षा मला माहीत आहे.”

‘माफी’ हा शब्द तिथे घातला नाही. त्या अकराशे चाळीस जणांची मी काही माफी मागत नाही. त्यांना फुकट डोंगर मिळाला.

तुमचं नाव न विचारता घातलं, ते मात्र चुकलं. ही ओळ तुमच्यासाठी आहे.

साडू


९ डिसेंबर

साडूभाऊ,

निकाल तुम्हाला कळला असेल, तरी आकडे बरोबर असावेत म्हणून देतो. माझ्या आठही मोहिमा कोठारातून बाहेर, एक वर्ष. तोवर नवी देता येणार नाही. अकरा वर्षांचं काम होतं. मी काल जाऊन बघितलं, माझ्या नावापुढे आता शून्य लिहिलेलं आहे. तुम्हाला सहा महिने प्रवेशबंदी, खोट्या साक्षीबद्दल. पारख्यांच्या यादीत तुम्हाला परत घ्यायचं की नाही ते सहा महिन्यांनी मत घेऊन ठरवणार. तुमच्या त्या दुसऱ्या पोराने ‘मास्तर नापास’ खोडलं. खोडून त्या जागी काही लिहिलेलं नाही. उंदीरमामाने मला वेगळा निरोप पाठवला, “एक घर बदललं की मोहीम जबरदस्त आहे, काका.” काका! मी उत्तर दिलेलं नाही.

हे सगळं मी गिळलं असतं. पण काल तुमचं पत्र आलं, चक्क चार पानी, आणि ते वाचल्यापासून माझं डोकं ठिकाणावर नाही.

पहिल्या पानावर तुम्ही मला झोडलंत. ‘मी तुम्हाला वाचवायला गेलो आणि तुम्ही माझं खोटं पुराव्यासकट चव्हाट्यावर मांडलंत, सोळा मुलांसमोर मला खोटारडा ठरवलंत.’ बरोबर आहे, मांडलं. घाईत कोरा डाव खेळणारा मास्तर ठरण्यापेक्षा साडूसाठी खोटं बोललेला मास्तर ठरलात, तर त्यात तुमचं काय बिघडलं ते मला समजावून सांगा. दुसऱ्या पानावर तुम्ही लिहिता, ‘शाळेचं बोललो ते बोलायला नको होतं. नदी मात्र चढत होती.’ चढत होती. मी कधी नाही म्हणालो? सातवी मोहीम कोठारात गेली ती नदी सरळ करूनच गेली.

पण तिसरं पान! तुम्ही लिहिता, ‘मोहीम आली तशी रोज उतरवून घ्यावीशी वाटायची. घेतली नाही. व्हिडिओही पाहिला नाही. वर्षभर वाटत होतं, तुम्ही कधीतरी विचाराल. आधी पाहिली असती तर मग कोरा डाव कसा खेळलो असतो?’

चौदा महिने! चौदा महिने मी इकडे नकाशा भरत होतो आणि तुम्ही तिकडे बोलावण्याची वाट पाहत बसला होतात. मी तुम्हाला विचारायचं नाही म्हणून दात खात होतो, आणि तुम्ही मी विचारावं म्हणून. हे सांगायला काय झालं होतं? कार्डावर एका ओळीत टोमणा लिहिलात, त्याऐवजी ही ओळ लिहिली असतीत तर? इतकी वर्षं पोरांना ‘प्रश्न पडला तर हात वर करा’ म्हणून सांगता, आणि स्वतः? ताईंनाही बोलला नसणार, नाहीतर आमच्याकडे कधीच पोचलं असतं. मला तुमचा इतका राग आला आहे की हे पत्र दोनदा फाडून तिसऱ्यांदा लिहितो आहे. आणि माझाही आला आहे, पण तो माझा मी बघेन.

आता नीट ऐका. ‘खिंडीचे बारा दिवस’ चारशेहून जास्त जणांनी उतरवून घेतली, उरलेल्यांनी तो व्हिडिओ पाहिला. म्हणजे छावणीच्या अकराशे चाळीस माणसांत त्या नकाशाबद्दल ठार अडाणी असा एकच माणूस शिल्लक आहे. त्याला वायव्येला धरण आहे असं वाटतं. मला तोच हवा आहे.

ते घर मी करडं केलं. मग हिला शेजारी बसवलं आणि म्हटलं, बघ, कुठे डाग दिसतो का. तिने एकेक स्तंभ खालून वर पाहिला. तीन संध्याकाळी लागल्या. आणखी दोन सापडले. दोन! त्यातला एक तर भर खिंडीत.  सातव्या ओळीखाली आठवी ओळ घालून तिचं नाव लिहिलं, तिला विचारून.

सातवी ओळ सध्या रिकामी आहे. ती कुणाला दाखवायचीही नाही, वर्षभर ही मोहीम कुठे जाणारच नाही. तरी ती रिकामी मला बघवत नाही.

तेव्हा रविवारी सकाळी दहा. नेहमीची खोली, दार लावून. बारा खेळ्या, एका बैठकीत. पेन्सिलीने नोंद, प्रत्येक खेळीची, आणि ‘मस्त’ वगैरे चालणार नाही. अडलात तर मला विचारायचं नाही. मी मागे बसेन आणि तोंड उघडणार नाही. जमत नसेल तर ताईंकरवी कळवा, अर्ध्या तासात पोचेल.

फाइल पाठवत नाही. घेऊन येतो.

साडू